पोरगा शेती करतो? मग राहू द्या! : लग्न, लेकरं आणि मागणी-पुरवठा

बोरीकाठ (धागाकर्ता)

मागच्या रविवारी रावेर तालुक्यात मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ चौतीस वर्षांचा. आठ एकर बागायत, सगळी केळी, ठिबक, दोन विहिरी, दुमजली घर, दारात ट्रॅक्टर. निर्व्यसनी इतका की चहासुद्धा सोडलाय. चार वर्षांत मामीनं एक्केचाळीस बायोडाटे जमवलेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवलेत. त्यातल्या सदतीस ठिकाणी फोनवरच विचारणा झाली, "पोरगा काय करतो?" उत्तर ऐकलं की "बरं बरं, कळवतो." उरलेल्या चार ठिकाणचे पाहुणे घरी आले, भरीत-पुरी खाऊन गेले. त्यांनीही कळवलं नाही.

मध्यस्थ परवा तोंडावर म्हणाला, "पुण्यात एक वन-बीएचके दाखवा. कर्जाचा असला तरी चालेल. मग बघा कसे फोन येतात."

मी अमळनेरला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर मागणीची उतरती रेषा काढतो, पुरवठ्याची चढती काढतो आणि उदाहरण कापसाचं देतो. भुसावळहून पॅसेंजरनं परत येताना डोक्यात आलं की हेच लग्नाला लावून बघू.

आधी सांगतो, हे खूळ माझं नाही. गॅरी बेकर नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७३ आणि १९७४ मध्ये लग्नाच्या सिद्धांतावर दोन निबंध लिहिले. त्याआधी १९६० मध्ये त्यानं मुलं जन्माला घालण्याचा विचार टिकाऊ वस्तूंच्या खरेदीसारखा करून दाखवला होता, म्हणजे फ्रिज-मोटारीच्या पंगतीत लेकरू. लोक चिडले, हसले. १९९२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकटं राहण्यापेक्षा लग्न करून आपलं बरं होईल असं दोघांनाही वाटलं तरच लग्न होतं. आणि लग्नातून जो एकूण फायदा होतो तो नवरा-बायकोत कसा वाटला जाईल हे बाजारात बायका किती आणि पुरुष किती यावर ठरतं. जे कमी, त्यांचा वाटा मोठा.

आता आपल्याकडचे आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२. तेव्हा राज्याचा आकडा ८९४ होता, म्हणजे आपण राज्याच्याही बरेच खाली. निसर्गाच्या हिशेबानं साधारण ९५० तरी हव्यात. २००१ मधली ती लेकरं आज पंचविशी-तिशीत आहेत. पुरवठा का आटला हे विचारायला मामाच्या घरी जायची गरज नव्हती.

बेकरच्या हिशेबानं आता मुलींचा वाटा वाढायला हवा, हुंडा संपायला हवा, सुनांना सोन्याचे दिवस यायला हवेत. आलेत का? आणि मग नोकरीवाल्या मुलाला अजूनही "मानपान" कसा काय मिळतो?

आणखी एक. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तोच भाव मनात धरला आणि कापूस घरात भरून ठेवला. आमच्या ओसरीत छतापर्यंत होता. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, लेकरं रात्रभर खाजवायची. शेवटी सात-आठ हजारांनीच घातला. मला हल्ली काही घरांत उपवर मुलींचे आणि मुलांचे आईबाप बघितले की ती ओसरी आठवते. अजून चांगलं येईल, अजून चांगलं येईल.

जातीची नावं न घेता बोला, नाहीतर संपादक धागा उडवतील.

रावेरची केळी

सर, तुमचा मामेभाऊ म्हणजे मीच की काय असं वाटलं. वय तीननं कमी आणि चहा सोडलेला नाही, एवढाच फरक.

पण पोरीच्या बापाला मी दोष देणार नाही. चांगल्या वर्षी माझ्या हातात जे पडतं ते शाळामास्तराच्या दोन वर्षांच्या पगाराला भारी पडेल. पण मे-जूनमध्ये एका रात्री वादळ येतं आणि सकाळी सगळी बाग आडवी. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात, मी दोनदा फेकलीत. व्यापारी माल कापायला आला की बऱ्हाणपूरचा भाव वेगळा, त्याच्या तोंडातला वेगळा. मास्तराचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला. पोरीचा बाप सरासरी बघत नसतो सर, तो आपलं सगळ्यात वाईट वर्ष बघतो.

आता खरं सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला शेतकऱ्यांची तीन स्थळं आली होती. एक तर आमच्यापेक्षा मोठा बागायतदार. आम्ही दिली नाही. मेहुणे नाशिकला कंपनीत आहेत. मीच म्हणालो होतो, "ताईला शेणात हात घालायला लावू नका."

धुळ्याचे नाना

मास्तर, तुमचा सिद्धांत आमच्या काळात उलटा चालत होता. माझं लग्न १९७९ चं. मी नुकता जिल्हा परिषदेत लागलेलो. दारात पोरीच्या बापांची रांग. सायकल, एचएमटीचं घड्याळ आणि रोख तीन हजार. आज सांगायला लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती, गावभर सायकल फिरवली होती. त्या वेळी पोटातली पोर ओळखायचं यंत्र गावात कुणी पाहिलंही नव्हतं. म्हणजे पोरी-पोरं जवळपास बरोबरीनं होती. मग पोराचा भाव का वाढलेला होता? तेव्हाही विचारायचे, "पोऱ्या नोकरीले शे का?" आजही तेच विचारतात. आते बठ्ठं उलटं व्हई गयं म्हणता, पण प्रश्न तर तोच राहिला ना भाऊ!

बोरीकाठ (धागाकर्ता)

नाना, फार नेमकं बोट ठेवलंत. याचं एक उत्तर वयातल्या अंतरात आहे.

नवरा बायकोपेक्षा पाच वर्षांनी मोठा असतो असं धरा. आणि दरवर्षी जन्म दोन टक्क्यांनी वाढतायत असं धरा. मग या साली जन्मलेल्या शंभर मुलांची जोडी पाच वर्षांनंतर जन्मलेल्या मुलींशी लागणार, आणि त्या असणार साधारण ११०. एकही गर्भपात न होता, निव्वळ लोकसंख्या वाढतेय म्हणून दहा मुली "जास्त". विजयेंद्र राव यांनी १९९३ मध्ये ग्रामीण भारतातल्या हुंड्यावर निबंध लिहिला, त्याच्या नावातच नवऱ्यांची वाढती किंमत होती. त्यांनी हुंडा चढण्याचं कारण हेच मांडलं.

यावरही वाद आहे. सिवान अँडरसन यांनी २००७ मध्ये गणित मांडून दाखवलं की एवढ्यानं हुंडा सतत चढत राहणार नाही. जास्त झालेल्या मुली थोडं थांबून लग्न करतील, दोघांच्या वयातलं अंतर घटेल आणि दाब कमी होईल. आपल्याकडे नेमकं तेच झालं. नानांच्या वेळी सात-आठ वर्षांचं अंतर चालायचं, आज तीन-चारच्या वर गेलं की मुली नाक मुरडतात.

आता मजा अशी की जन्म घटायला लागले की हाच फासा उलटा पडतो. दरवर्षी दोन टक्के घट धरली तर शंभर मुलांसमोर नव्वद मुली. त्यात सोनोग्राफीनं केलेली घट वेगळी. म्हणजे माझ्या मामेभावावर दोन्ही बाजूंनी चाप बसलाय.

शंकेखोर

काय चाललंय हे? मुलगी म्हणजे क्विंटलवर मोजायची वस्तू आहे का? पुरवठा काय, साठा काय, भाव काय. अर्थशास्त्राच्या नावाखाली काहीही खपवायचं.

आखाजीचा झोका

शंकेखोर, तुमचा राग पोचला. पण आमच्या पारोळ्याकडे मुलीचं ठरताना घरात जी भाषा चालते ती या धाग्यापेक्षा फार सभ्य असते असं समजू नका.

मी एकोणतीस वर्षांची, पुण्यात बँकेत आहे. अकरा बायोडाटे नाकारलेत. माझ्या आईला एकही नाकारता आला नव्हता, एवढा फरक नक्की पडलाय. त्याला बाजार म्हणा, शिक्षण म्हणा, काहीही म्हणा.

पण बोरीकाठ सर, बेकरमध्ये एक मोठी गोची आहे. तुम्ही म्हणता, जे कमी त्यांचा वाटा मोठा. ज्याचा माल त्याच्या हातात असेल तर! आमच्याकडे माल माझा आणि सातबारा बापाचा. मुली कमी झाल्या म्हणून माझ्यावरचं लक्ष वाढलं. जळगावला शिकायला होते तेव्हा होस्टेलवर रोज रात्री व्हिडिओ कॉल, मागे कोण दिसतंय ते दाखव. चुलत बहीण बारावीला होती, चांगलं स्थळ आलं, "पुन्हा असं येणार नाही" म्हणत तिला उरकलं. कापूस महाग झाला की शेतात राखणदार ठेवतात, तसं. भाव वाढल्यावर कपाशीच्या झाडाला काय मिळतं?

आणि पुण्याच्या फ्लॅटबद्दल. सगळे मुलींना हसतात. त्या फ्लॅटमध्ये आम्ही काय विकत घेतो ते सांगते. पहाटे पाचला न उठणं. मजुरांच्या दहा जणांच्या भाकरी न थापणं. पाणी कधी येणार याची वाट न बघणं. सासूच्या परवानगीशिवाय बाहेर जाणं. माझ्या आईनं आयुष्यभर कापूस वेचला, तिच्या वेचणीची मजुरी घरचीच म्हणून कुणी धरली नाही. शेतकरी मुलाच्या बायोडाट्यात "आठ एकर बागायत" लिहितात, पण त्या आठ एकरांत सुनेचे किती तास जाणार ते लिहीत नाहीत. मुलींना तो न लिहिलेला आकडा वाचता येतो. एवढंच झालंय.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करायची. ज्यांना लग्नासाठी मुली मिळत नाहीत त्यांनी बायोडाट्यात ही एक ओळ टाकून बघावी, "लग्नानंतर दोन एकर पत्नीच्या नावे." मग फोन कोण ठेवतं बघू.

रावेरची केळी

ताई, दोन एकर माझ्या नावावर झाले तर देईन. अजून सगळं आबांच्या नावावर आहे.

आखाजीचा झोका

भाऊ, मग आपण दोघं एकाच बोटीत आहोत की.

आकडेमोड_भुसावळ

तुटवडा सगळ्यांना सारखा वाटला जात नाही, हे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

हजार मुलं आणि ८८० मुली. आता मुलीला आपल्यापेक्षा थोड्या वरच्या घरी द्यायची ही रीत. डॉक्टरच्या मुलाला, सरकारी नोकराला, कंपनीवाल्याला मुली मिळतातच. त्यांच्यासाठी तुटवडाच नाही, उलट चढाओढ आहे, म्हणून तिथं "मानपान" अजून टिकून आहे. १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा आहे म्हणून त्याला हुंडा म्हणायचं नाही, बस्ता, गाडी आणि फर्निचर म्हणायचं. वरच्या पायऱ्यांवरून सरकत सरकत सगळी १२० ची तूट तळाच्या पायरीवर येऊन साचते. कोरडवाहू शेतकरी, सालदार, कमी शिकलेला, तीन भावांतला धाकटा. गावात बारा टक्के तूट असली तरी त्या पायरीवर ती चाळीस टक्के असू शकते. सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. एकच बाजार नाही, एकावर एक चार-पाच बाजार आहेत आणि वरच्याची टंचाई खालच्याला भरावी लागते.

दुसरं म्हणजे थकबाकी. ज्याचं यंदा जमलं नाही तो पुढच्या वर्षीच्या रांगेत उभा राहतो. सोसायटीच्या कर्जासारखं, मुद्दल फिटत नाही आणि वर चढत जातं. पंचवीस वर्षांचा आणि पस्तीस वर्षांचा, दोघंही त्याच मुलीचा बायोडाटा मागतात.

आणि ८४२ वाली लेकरं अजून दहावी-बारावी-कॉलेजात आहेत. त्यांचा बाजार भरायचाय.

सोलापूरला डिसेंबर २०२२ मध्ये पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती, बायको मिळवून द्या म्हणून. तेव्हा सगळ्यांनी फॉरवर्ड करून हसून घेतलं. माझ्या गावच्या वीस जणांनी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, त्यातले सोळा स्वतः बिनलग्नाचे.

चांगदेव संगम

मी कॉम्प्युटरवाला, म्हणून वेगळ्या वाटेनं येतो. १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली या दोघांनी एक छोटा निबंध लिहिला. समजा इतकी मुलं, इतक्या मुली, प्रत्येकाची पसंतीची यादी तयार. तर अशा जोड्या लावता येतात का की नंतर कुणी दोघं आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे पळून जाणार नाहीत? येतात. एका बाजूनं आपल्या यादीतल्या पहिल्याला विचारायचं, दुसऱ्या बाजूनं आलेल्यांतला सगळ्यात बरा धरून ठेवायचा, बाकीच्यांना नाही म्हणायचं. नकार मिळालेल्यानं यादीत खाली सरकायचं. शॅप्लींना २०१२ मध्ये यासाठी नोबेल मिळालं, गेल तोवर वारले होते.

यातली गंमत अशी की जी बाजू आधी विचारायला निघते तिचा त्यात जास्तीत जास्त फायदा होतो. जी बसून राहते तिला त्यातल्या त्यात कमी मिळतं. आता आपल्याकडे बघा. नानांच्या वेळी पोरीचा बाप चपला झिजवायचा. आता मुलाची आई बायोडाट्याची पिशवी घेऊन परिचय मेळाव्यात फिरते. म्हणजे विचारणारी बाजू बदलली. गणित म्हणतं यात मुलाकडच्यांचा फायदा. माझी आई दोन मेळावे करून आलीय, ती हे ऐकून मला लाटण्यानं मारेल.

दुसरा निष्कर्ष जास्त बोचरा आहे. या खेळात जोड्या कशाही लावा, आधी कुणीही विचारा, जोवर मांडणी टिकाऊ आहे तोवर जे बिनजोडीचे उरतात ते तेच उरतात. त्याला "ग्रामीण रुग्णालयांचं प्रमेय" म्हणतात, कारण अमेरिकेत खेड्यातल्या दवाखान्यांना शिकाऊ डॉक्टर मिळत नव्हते आणि वाटपाची पद्धत बदलूनही मिळाले नसते. मेळावे वाढवा, ॲप काढा, मध्यस्थ बदला. याद्या बदलल्या नाहीत तर उरणारा तोच उरतो.

धुळ्याचे नाना

रुग्णालयाचं प्रमेय आवडलं. आमच्या गावच्या दवाखान्यातही डॉक्टर नाही आणि दवाखान्यासमोरच्या घरातल्या पोराला पोरगी नाही.

सातपुडा पायथा

मी शहाद्याकडचा, धडगावात बरीच वर्षं शाळेत होतो. तुमची चर्चा सपाटीवरची चाललीय, जरा वर या.

भिल्ल-पावरा समाजात हुंडा नाही, देज आहे. मुलाकडचे मुलीच्या घरी पैसे देतात. पंच बसतात, घासाघीस होते, मग ठरतं. सरळ हिशेब आहे. मुलगी शेतात काम करते, लाकूडफाटा आणते, तिच्या घरचे दोन हात कमी होतात, त्याची भरपाई. म्हणजे वरच्या ताईंनी जो न लिहिलेला आकडा म्हटलाय तो इथं पंचांसमोर बोलला जातो. मुलगी जन्मली म्हणून तोंड पाडून बसलेलं घर मला डोंगरात दिसलं नाही. आणि नंदुरबारचं मुलींचं प्रमाण जळगावपेक्षा कितीतरी चांगलं राहिलंय. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजारात या कधीतरी, पोरी कशा ताठ मानेनं फिरतात बघा.

पण फार भाळूनही जाऊ नका. देज दिलेला नवरा ते विसरत नाही. बायकोला नांदायचं नसेल तर पैसे परत करावे लागतात, ते बापानं केव्हाच खर्चलेले असतात. मग बापच म्हणतो, नांद. देज जमवायला पोरगं गुजरातेत ऊसतोडीला जातं, मुकादमाकडून उचल घेतं. आणि ऊसतोडीची उचल "कोयत्या"वर मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला अर्धा कोयता, निम्मी उचल. आता सांगा, सतरा वर्षांच्या पोराचं लग्न लवकर का उरकतात? तुमच्या बेकरनं शिकागोत बसून जे लिहिलं ते मुकादमाला शाळेत न जाता कळलेलं आहे.

उधना लोकल

सुरतेत आहे, बारा वर्षं झाली. इथं उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश भेटतो. लग्नाचं झालं, लेकरांचं कुणी बोलत नाही म्हणून माझं गाऱ्हाणं.

आम्ही सहा भावंडं. आजोबा म्हणायचे, तोंड एक घेऊन येतं, हात दोन घेऊन येतं. तेव्हा खरं होतं ते. मी आठ वर्षांचा असताना सुट्टीत कापूस वेचून वह्यांचे पैसे काढायचो, बकऱ्या बघायचो. लेकरू सात-आठ वर्षांत घराला परतफेड करायला लागायचं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. इंग्रजी शाळा, रिक्षा, क्लास, वर दर वर्षी नवा गणवेश. तो कमवायला लागेपर्यंत चोवीस वर्षांचा होईल. आणि पैशांचं सोडा, बायको आधी घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. तो झाल्यावर चार वर्षं बंद. ते पण धरा खर्चात.

आई म्हणते दुसरं होऊ दे. मी म्हणतो याला एकट्याला नीट करू.

बोरीकाठ (धागाकर्ता)

उधना, तुम्ही बेकरचा अख्खा धडा चार ओळींत सांगितलात. १९७३ मध्ये त्यानं आणि ग्रेग लुइस या अर्थशास्त्रज्ञानं हेच मांडलं. आईबाप किती लेकरं एवढंच ठरवत नाहीत, एकेका लेकरावर किती घालायचं हेही ठरवतात. एकेकावरचा खर्च वाढला की प्रत्येक पुढचं लेकरू महाग होतं. म्हणून उत्पन्न वाढूनही संख्या घटते. आणि आमच्या वहिनींची, म्हणजे तुमच्या बायकोची, बुडालेली मजुरी हा त्यातला सगळ्यात मोठा भाग. बाई जितकं जास्त कमावते तितका मुलासाठी घरी बसण्याचा भाव जास्त.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे: महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.९, २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या जागेवर राहायला २.१ लागतात. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये ०.७२ वर गेलं, तिथलं सरकार वर्षानुवर्षं पैसे वाटतंय तरी.

शंकेखोर, तुमचा आक्षेप मला इथं जास्त पटतो. फ्रिज आवडला नाही तर बदलता येतो, आणि फ्रिज आपल्यावर रुसत नाही.

धुळ्याचे नाना

तिसऱ्याचा भाव सगळ्यांना माहीत आहे. सरपंचपद! १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आमच्या शेजारच्या गावात एकाला दोन पोरींवर तिसरा पोरगा झाला. निवडणुकीत बाद झाला, पण पेढे वाटताना म्हणाला, "सरपंच पाच वर्षं, वारस जन्मभर."

आखाजीचा झोका

नाना, हसू आलं आणि मग आलं नाही. दोन पोरींवर तिसरा, हेच तर मूळ आहे.

सहा लेकरं व्हायची तेव्हा त्यात एखादा मुलगा आपोआप यायचा. आता दोनच करायची आणि त्यात एक मुलगा हवाच, म्हणजे नशिबावर सोडून चालत नाही. कुटुंब लहान झालं, पण मुलग्याची मागणी तेवढीच राहिली. तेवढ्यात ते यंत्र तालुक्याला आलं. राज्यानं १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी याविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरी जळगाव ८८० वरून ८४२ वर गेलं. ज्या घरांनी हिशेब करून मुली येऊ दिल्या नाहीत, त्यांनी तेव्हा स्वतःपुरता बरोबर हिशेब केला होता. हुंडा वाचला, वारस मिळाला. आता तोच वारस चौतीस वर्षांचा आहे आणि त्याची आई देव्हाऱ्याखाली पिशवी ठेवून बसलीय.

बोरीकाठ सर, हे तुमच्या मामीला उद्देशून नाही. माझ्या स्वतःच्या काकूबद्दल आहे.

आकडेमोड_भुसावळ

केळीचं पीक वर्ष-सव्वा वर्षात हाती येतं. भाव पडला तर शेतकरी पुढच्या खेपेला लागवड कमी करतो. इथं पेरणी आणि काढणीत पंचवीस वर्षांचं अंतर. आज टंचाई दिसली म्हणून उद्या कुणी ठरवून मुलीला जन्म दिला, तरी या रांगेतल्या एकाचंही लग्न त्यानं जमणार नाही. ज्यानं तुटवडा केला आणि ज्याला भोगावा लागला, ती दोन वेगळी माणसं आहेत.

रावेरची केळी

आमच्याकडे एका घरानं बाहेरच्या राज्यातून आणली. एजंटाला दोन लाख रोख. आठव्या दिवशी नवरी दागिन्यांसकट पसार, एजंटाचा फोन बंद. पोलिसात गेले नाहीत, कारण काय सांगणार? दुसऱ्या एका घरात मात्र अशीच दुरून आलेली सून चार वर्षांपासून आहे. चांगली नांदतेय, आता अहिराणी आमच्यापेक्षा झकास बोलते. फक्त तिला माहेर नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, ती आमच्या बहिणींसाठी पुरणाचे मांडे करते.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. समाजांची नावं आणि "अमक्यांच्या मुली" छापाची वाक्यं चालणार नाहीत. बायोडाटे इथं टाकू नयेत, त्यासाठी वेगळा विभाग आहे.

चांगदेव संगम

संपादक, पुरवठा तुम्हीच अडवता मग!

बोरीकाठ (धागाकर्ता)

उशिरा लिहितोय. काल मामाकडे बेचाळिसावं स्थळ आलं होतं, चोपडा तालुक्यातलं. मला मुद्दाम बोलावलं होतं, बोलणारा माणूस म्हणून. मी आखाजीताईंची दोन एकरांची गोष्ट आदल्या रात्री मामाच्या कानावर घातली होती. मामा काही बोलला नाही, नुसती सुपारी कातरत राहिला.

मुलगी फार्मसी झालेली. पोहे झाले, तिच्या बापानं पाण्याचं, बागेचं विचारलं. मग ती म्हणाली, मला यांच्याशी वेगळं बोलायचंय. मामीचा चेहरा पडला, पण गच्चीवर पाठवलं दोघांना. वीस मिनिटं. खाली आल्यावर मी भावाला बाजूला घेऊन विचारलं, काय म्हणाली? तिनं तीनच गोष्टी विचारल्या होत्या. सोसायटीचं आणि बँकेचं मिळून कर्ज किती. मी फाट्यावर मेडिकल टाकलं तर गल्ल्यावर कोण बसणार. आणि तुम्ही चहा का सोडला.

पहिल्याचं उत्तर त्यानं खरं दिलं. दुसऱ्याला म्हणाला, तूच. तिसऱ्याला तो गडबडला, कारण चहा त्यानं नवसासाठी सोडला होता, लग्न जमेपर्यंत. ते ऐकून ती हसली म्हणे.

निघताना मामा तिच्या बापाला सोडायला फाट्यापर्यंत गेला. काय बोलणं झालं ते विचारलं तर म्हणाला, "केळीच्या भावाचं."

अजून कळवलेलं नाही त्यांनी. मामी फोन उशाशी घेऊन झोपते.